सार्वजनिक वायफाय कितपत सुरक्षित? धोका नेमका कुठे असतो आणि काळजी कशी घ्यावी

रेल्वे स्थानक, विमानतळ, रुग्णालय, हॉटेल, कॅफे, ग्रंथालय अशा ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वापरता येईल असे जे बिनतारी इंटरनेट मिळते, त्याला सार्वजनिक वायफाय किंवा वायफाय हॉटस्पॉट म्हणतात. त्याच्याबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. 'फुकटचे वायफाय जोडले की खाते रिकामे झालेच म्हणून समजा' हे एक, आणि 'सगळेच वापरतात, कोणाला काही होत नाही' हे दुसरे. दोन्ही अपुरी आहेत.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंटरनेटवरील माहितीची ने-आण करण्याची पद्धत बदलली आहे. हवेतून जाणारी माहिती चोरून वाचणे एकेकाळी सोपे होते, आता ते बरेच अवघड झाले आहे. मात्र माणसाने स्वतःच्या हाताने चुकीच्या पानावर पासवर्ड किंवा ओटीपी भरणे थांबलेले नाही. सार्वजनिक वायफायवर आज होऊ शकणारे बहुतेक नुकसान या दुसऱ्या मार्गाने होते. हा फरक समजला की कोणती काळजी खरोखर उपयोगाची आहे आणि कोणती निव्वळ भीतीपोटी घेतली जाते, हे ठरवता येते.

भारतातील सार्वजनिक वायफाय

भारतात मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक वायफाय आणण्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गुगल यांनी मिळून ही सेवा सुरू केली. २०२० मध्ये गुगलने या उपक्रमातून अंग काढून घेतले, पण रेलटेलने सेवा पुढे चालू ठेवली. आज देशातील सहा हजारांहून अधिक स्थानकांवर 'रेलवायर' या नावाने ती मिळते. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१७ मध्ये 'आपले सरकार मुंबई वायफाय' या नावाने मुंबईत ५०० ठिकाणी हॉटस्पॉट सुरू केले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम वाणी' योजनेला मंजुरी दिली. या योजनेत किराणा दुकानदार किंवा चहाची टपरी चालवणाराही परवान्याशिवाय आपल्या जागेत सार्वजनिक वायफाय देऊ शकतो.

ही सोय अनेकांसाठी चैन नसून गरज आहे. केरळमधील एर्नाकुलम स्थानकावर हमाली करणाऱ्या एका तरुणाने स्थानकाच्या वायफायवर अभ्यास करून राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केल्याची बातमी २०१८ मध्ये देशभर गाजली होती. डोक्यावर ओझे आणि कानात इअरफोन घालून तो धडे ऐकत असे. परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी, डेटा संपलेला प्रवासी, रुग्णालयात रात्र काढणारा नातेवाईक, परदेशात उतरल्यावर स्थानिक सिम मिळेपर्यंत अडकलेला माणूस यांना 'सार्वजनिक वायफाय वापरूच नका' हा सल्ला फारसा कामाचा नाही. ते कसे वापरावे हे सांगणे जास्त उपयोगी आहे.

जोडताना मोबाइल क्रमांक का मागतात?

परदेशातील अनेक कॅफेंमध्ये 'मला अटी मान्य आहेत' एवढे दाबले की नेट सुरू होते. भारतात मात्र मोबाइल क्रमांक द्यावा लागतो, त्यावर ओटीपी येतो आणि तो भरल्यावरच जोडणी मिळते. यामागे २००८ मधील घटना आहेत.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरी पोहोचले. ईमेल त्याच्या घरच्या वायफायवरून गेला होता. प्रत्यक्षात त्याचा या कटाशी संबंध नव्हता, इतर कोणीतरी त्याच्या वायफायचा वापर केला होता. पुढच्या काही आठवड्यांत माटुंग्यातील एक महाविद्यालय आणि चेंबूरमधील एक कंपनी यांच्या वायफायचाही असाच गैरवापर झाला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना सूचना दिल्या. सार्वजनिक ठिकाणी वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवावी आणि तिची नोंद ठेवावी, असे त्यात सांगितले होते. मोबाइलवर संदेश पाठवून ओळख पटवण्याची पद्धत तेव्हापासून रुळली.

म्हणजे ओटीपी मागितला जातो तो वापरणारा कोण हे कळावे म्हणून. वापरणाऱ्याची माहिती सुरक्षित राहावी हा त्याचा हेतू नाही. ओटीपी टाकून जोडलेले वायफाय ओटीपीशिवायच्या वायफायपेक्षा आपोआप जास्त सुरक्षित होत नाही. 'ओटीपी मागतात म्हणजे अधिकृतच असणार' असा समज मात्र घातक ठरू शकतो. त्याचे कारण पुढे दिले आहे.

पूर्वी काय धोका होता?

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. राउटर आणि फोन यांच्यातील बोलणे त्या परिसरातील प्रत्येक उपकरणापर्यंत पोहोचते. शिस्तीने वागणारे उपकरण इतरांची माहिती सोडून देते, पण ठरवले तर ती टिपून ठेवता येते. पंधरा वर्षांपूर्वी बहुतेक संकेतस्थळे ही माहिती उघड्या स्वरूपात पाठवत असत. पोस्टकार्ड ज्याच्या हाती पडेल तो वाचू शकतो, तसाच हा प्रकार होता.

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या अमेरिकी प्रोग्रामरने 'फायरशीप' नावाचे एक साधन प्रसिद्ध केले. ते फायरफॉक्स ब्राउझरला जोडता येत असे. कॅफेच्या खुल्या वायफायवर बसून ते चालू केले की त्याच वायफायवर फेसबुक किंवा ट्विटर वापरणाऱ्यांची यादी बाजूला दिसे आणि एका क्लिकमध्ये त्यांच्या खात्यात शिरता येई. पासवर्ड ठाऊक असण्याची गरजच नव्हती.

हे कसे शक्य होते? लॉगिन झाल्यावर संकेतस्थळ ब्राउझरला एक खूण देते, तिला कुकी म्हणतात. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ती असते. बिल्ला दाखवेल त्याला चपला मिळतात, नाव कोणी विचारत नाही. तेव्हा अनेक संकेतस्थळे पासवर्ड झाकून घेत, पण नंतर हा बिल्ला उघड्यावर पाठवत. तो हवेतूनच उचलता येत असे. धोका किती साधा आहे हे कंपन्यांना दिसावे, म्हणूनच बटलरने हे साधन सर्वांसाठी खुले केले होते.

मग काय बदलले?

उपाय आधीपासून उपलब्ध होता. एचटीटीपीएस या पद्धतीत ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील सगळी माहिती कूटबद्ध होते, म्हणजे ती त्या दोघांखेरीज कोणालाही वाचता येत नाही. पोस्टकार्डाऐवजी सीलबंद पाकीट जावे तसे. जीमेलने जानेवारी २०१० मध्ये सर्वांसाठी ही पद्धत लागू केली. फेसबुकने २०११ मध्ये ती ऐच्छिक ठेवली आणि २०१३ पर्यंत सर्वांसाठी सुरू केली. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा उपक्रमाने त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र फुकट द्यायला सुरुवात केली, त्यामुळे लहान संकेतस्थळांनाही ती परवडू लागली. जुलै २०१८ पासून गुगल क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळावर 'नॉट सिक्युअर' असा शिक्का मारू लागला.

परिणामी बँका, ईमेल, सरकारी सेवा, खरेदीची ॲप हे सगळे आज सीलबंद पाकिटातूनच माहिती पाठवतात. व्हॉट्सॲपचे संदेश तर पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कूटबद्ध असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण संस्थेनेही २०२३ मध्ये आपला सल्ला बदलला. कूटबद्धता सर्वत्र पसरल्यामुळे सार्वजनिक वायफाय वापरणे आता सहसा सुरक्षित आहे, अशी भूमिका तिने घेतली.

तरी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

- पाकीट सीलबंद असले तरी त्यावरचा पत्ता दिसतो. कोणत्या संकेतस्थळाला भेट दिली हे वायफाय चालवणाऱ्याला बहुधा कळू शकते. तिथे काय वाचले किंवा काय लिहिले हे कळत नाही.
- एचटीटीपीएस असणे म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक असणे नव्हे. भामट्यालाही फुकट प्रमाणपत्र मिळते. पाकीट सीलबंद असले, तरी ते ज्याच्या हाती पडते तो चोर असू शकतो. कुलपाच्या चिन्हामुळे लोकांचा हा गैरसमज होतो, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतून ते चिन्हच काढून टाकले.
- कॅफेच्या भिंतीवर लिहिलेला पासवर्ड हे संरक्षण नाही. सर्वत्र प्रचलित असलेल्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत, तोच पासवर्ड ठाऊक असलेला जाणकार माणूस इतरांच्या जोडणीची माहिती टिपून ती उलगडू शकतो. त्याच्यापासून वाचवते ते एचटीटीपीएसच.

आजचे खरे धोके

*१. सारख्या नावाचे बनावट वायफाय*

वायफायच्या यादीत जे नाव दिसते ते कोणीही ठेवू शकतो. त्याची नोंदणी नसते आणि पडताळणीही होत नाही. 'एअरपोर्ट फ्री वायफाय' किंवा स्थानकावरच्या सेवेचेच हुबेहूब नाव देऊन एखादा माणूस आपल्या पिशवीतल्या छोट्या राउटरवरून जाळे सुरू करू शकतो. या प्रकाराला 'एव्हिल ट्विन', म्हणजे तोतया जुळा, असे म्हणतात. फोन तर नावच ओळखतो. पूर्वी एखाद्या खुल्या वायफायला जोडलेला फोन त्याच नावाचे दुसरे खुले वायफाय दिसले तर, आपोआप जोडण्याची सोय चालू असल्यास, न विचारता त्याला जोडला जाऊ शकतो.

*२. बनावट लॉगिन पान*

तोतया वायफायवर सगळी माहिती सीलबंद पाकिटातूनच जाणार असेल, तर चोराला काय मिळते? याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील एका प्रकरणात दिसते. एप्रिल २०२४ मध्ये एका विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना देशांतर्गत उड्डाणात संशयास्पद वायफाय आढळले. तपासात पोलिसांना पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका माणसाच्या सामानात लहान वायफाय उपकरण, लॅपटॉप आणि फोन सापडले. पर्थ, मेलबर्न आणि ॲडलेड येथील विमानतळांवर व विमानांतही त्याने बनावट जाळी उभारली होती. जोडणाऱ्यापुढे एक पान उघडे आणि ईमेल किंवा समाजमाध्यमाच्या खात्याने लॉगिन करायला सांगे. लोकांनी पासवर्ड भरले आणि ते थेट त्याच्याकडे गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला इतर काही गुन्ह्यांसह सात वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली. चोरलेल्या पासवर्डांचा वापर करून त्याने महिलांच्या खात्यांतील खासगी छायाचित्रे आणि चित्रफिती मिळवल्या होत्या.

या माणसाने कोणतीही कूटबद्धता फोडली नाही. त्याने फक्त विचारले आणि लोकांनी दिले.

*३. ओटीपीची सवय*

भारतात वायफायसाठी ओटीपी भरणे इतके अंगवळणी पडले आहे की त्याचाच फायदा घेता येतो. बनावट पानावर मोबाइल क्रमांक भरला की समोरचा माणूस तोच क्रमांक दुसऱ्या एखाद्या सेवेत टाकू शकतो. ती सेवा म्हणजे व्हॉट्सॲपची नव्याने नोंदणी असेल किंवा एखादे खरेदीचे ॲप. खरा ओटीपी त्या सेवेकडून फोनवर येतो. वापरणाऱ्याला वाटते हा वायफायचाच आहे, तो पानावर भरतो आणि खाते दुसऱ्याच्या हाती जाते.

यावर उपाय साधा आहे. अंक पाहण्याआधी संदेश पूर्ण वाचावा. तो कोणी पाठवला आहे आणि कशासाठी आहे हे त्यात लिहिलेले असते. संदेशात वायफायऐवजी व्हॉट्सॲप, बँक किंवा भलत्याच सेवेचे नाव असेल तर ओटीपी भरू नये आणि लगेच जोडणी तोडावी. व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करून सहा अंकी पिन ठेवला, तर केवळ ओटीपीच्या जोरावर कोणालाही ते खाते दुसऱ्या फोनवर सुरू करता येत नाही.

*४. ताकीद दुर्लक्षून पुढे जाणे*

एखादे संकेतस्थळ उघडताना 'तुमचे कनेक्शन खासगी नाही' अशी ताकीद आली, तर समोरचे संकेतस्थळ आपली ओळख पटवू शकलेले नाही असा तिचा अर्थ होतो. वायफायचे लॉगिन पूर्ण झालेले नसतानाही अशी ताकीद येऊ शकते आणि फोनमधील तारीख चुकीची असली तरी येते. पण लॉगिन झाल्यावर बँकेच्या किंवा ईमेलच्या पानावर ती आली, तर 'तरीही पुढे जा' हा पर्याय कधीही दाबू नये. सीलबंद पाकिटाचे सगळे संरक्षण त्या एका बटणाने संपू शकते.

*५. 'आधी हे इन्स्टॉल करा'*

नोव्हेंबर २०१४ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने 'डार्कहोटेल' नावाच्या हल्ल्यांची माहिती उघड केली. महागड्या हॉटेलांत उतरणाऱ्या कंपनी अधिकाऱ्यांना तिथल्या वायफायला जोडल्यावर ॲडोब फ्लॅशसारख्या परिचित सॉफ्टवेअरचे अपडेट घेण्यास सांगितले जाई. ते अपडेट बनावट असे आणि त्यातून हेरगिरीचा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये शिरे. वायफाय जोडण्यासाठी कोणतेही ॲप, 'प्रोफाइल' किंवा प्रमाणपत्र इन्स्टॉल करण्याची सहसा गरज नसते. तशी मागणी झाली तर ते वायफाय सोडून द्यावे. पीएम वाणीसारख्या योजनेत ॲप लागते, पण ते घरी असताना अधिकृत ॲप स्टोअरमधून घेता येते. कॅफेतल्या पानावरील दुव्यावरून ते घेऊ नये.

काय करावे?

*जोडण्यापूर्वी*

- वायफायचे नेमके नाव फलकावर पाहावे किंवा काउंटरवर विचारावे. एकाच जागी मिळतीजुळती दोन-तीन नावे दिसली तर विचारल्याशिवाय जोडू नये.
- भिंतीवर किंवा टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करण्याआधी तो दुसऱ्या कोडवर डकवलेला तर नाही ना हे पाहावे.
- लॉगिन पानावर मोबाइल क्रमांक आणि त्याच सेवेचा ओटीपी इथपर्यंत ठीक. ईमेलचा पासवर्ड, आधार क्रमांक, जन्मतारीख, कार्डाचे तपशील किंवा यूपीआय पिन मागितला तर तिथेच थांबावे.
- फोन आणि ॲप अद्ययावत ठेवावीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी डब्ल्यूपीए२ मधील 'क्रॅक' नावाची त्रुटी दाखवून दिली, तेव्हा ज्यांनी अपडेट घेतले त्यांची उपकरणे सुरक्षित झाली. अनेक जुने फोन तसेच राहिले. ही अपडेट घरच्या नेटवर घ्यावीत.

रेल्वे स्थानकांवर २०२१ पासून पहिली ३० मिनिटे मोफत असतात, नंतर जास्त वापरासाठी सशुल्क योजना घ्यावी लागते. म्हणजे पैसे मागणारे प्रत्येक पान बनावट असते असे नाही. तिथे पैसे भरण्याआधी पत्ता नीट पाहावा. शंका आली तर पैसे भरू नयेत, कारण अर्ध्या तासात बहुतेकांचे काम भागते.

*वापरताना*

- ब्राउझरपेक्षा अधिकृत ॲप वापरणे सोपे आणि सुरक्षित असते, कारण त्यात चुकीचा पत्ता टाइप होण्याचा प्रश्न येत नाही.
- 'नॉट सिक्युअर' लिहिलेल्या पानावर काहीही भरू नये. नुसते वाचायला हरकत नाही.
- विंडोज लॅपटॉपवर नवे वायफाय जोडताना 'पब्लिक नेटवर्क' हा पर्याय निवडावा. त्यामुळे त्या जाळ्यावरील इतरांना लॅपटॉप दिसत नाही. फोल्डर किंवा प्रिंटर सामायिक केले असतील तर ते बंद करावेत. आयफोनवर एअरड्रॉप 'फक्त संपर्कांसाठी' ठेवावे.
- महत्त्वाच्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावावी. पासवर्ड चोरीला गेला तरी दुसरे दार बंद राहते.
- शेजारी बसलेल्या माणसाची नजर विसरू नये. पासवर्ड चोरण्याचा सर्वांत जुना मार्ग खांद्यावरून डोकावणे हाच आहे.

*निघताना*

- वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते नाव 'फरगेट' करावे, म्हणजे फोन ते विसरतो. रोजच्या वापरातले असेल तर निदान 'ऑटो जॉइन' किंवा 'ऑटो कनेक्ट' बंद करावे.
- हॉटेलच्या किंवा ग्रंथालयाच्या संगणकावर लॉगिन केले असेल तर आठवणीने लॉगआउट करावे. अनोळखी संगणक हा अनोळखी वायफायपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा असतो, कारण त्यात टाइप केलेले प्रत्येक अक्षर नोंदवणारा प्रोग्राम असू शकतो.

बँक आणि यूपीआयचे काय?

सार्वजनिक वायफायवर आर्थिक व्यवहार टाळावेत, असा भारताच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा संस्थेचा सल्ला आहे. तांत्रिकदृष्ट्या बँकेचे अधिकृत ॲप स्वतःची माहिती कूटबद्ध करूनच पाठवते. यूपीआय ॲप तर नोंदवलेल्या सिमशी आणि त्याच फोनशी बांधलेले असते. त्यामुळे केवळ वायफायवरून कोणी परस्पर पैसे काढून घेईल ही शक्यता फार कमी आहे.

मग हा सल्ला पाळावा का? पाळावा, कारण तो पाळायला काही कष्ट पडत नाहीत. फोनचे वायफाय दोन मिनिटे बंद करून मोबाइल डेटावर व्यवहार करता येतो, त्याला डेटाही नगण्य लागतो. शिवाय सगळीच ॲप चोख नसतात. २०१२ मध्ये जर्मन संशोधकांनी अँड्रॉइडची १३,५०० मोफत ॲप तपासली, तेव्हा त्यांतील १,०७४ ॲपमध्ये कूटबद्धतेची अंमलबजावणी धोकादायक ठरू शकेल अशी आढळली. त्यानंतर परिस्थिती सुधारली, पण आपल्या फोनमधले प्रत्येक ॲप कसे लिहिले आहे हे वापरणाऱ्याला बाहेरून कळत नाही.

लॅपटॉपवर काम असेल तर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून तो जोडणे हा चांगला पर्याय आहे. मात्र त्या हॉटस्पॉटलाही भक्कम पासवर्ड असावा.

व्हीपीएन घ्यावे का?

व्हीपीएन फोनमधून निघणारी सगळी माहिती एका कूटबद्ध बोगद्यातून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेते आणि तिथून पुढे पाठवते. त्यामुळे कोणत्या संकेतस्थळाला भेट दिली हे वायफाय चालवणाऱ्याला दिसत नाही, पण व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. म्हणजे विश्वास कॅफेवर ठेवायचा तो कंपनीवर ठेवला, एवढाच फरक. फुकट व्हीपीएनबाबत जास्त सावध राहावे. फेसबुकच्या मालकीचे 'ओनाव्हो' हे मोफत व्हीपीएन ॲप लोक काय वापरतात याची माहिती गोळा करत असे. ॲपलच्या नियमांत ते बसत नसल्याने २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरमधून काढावे लागले.

भारतात सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचे निर्देश दिले. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर हटवले. नोकरीच्या ठिकाणी कार्यालयाने व्हीपीएन दिले असेल तर प्रवासात ते जरूर वापरावे. घरगुती वापरासाठी मात्र ते अत्यावश्यक नाही. आणि बनावट पानावर स्वतः भरलेला पासवर्ड कोणतेही व्हीपीएन वाचवू शकत नाही.

स्वतःचे वायफाय इतरांना देताना

घरमालक, दुकानदार, खानावळ किंवा होमस्टे चालवणारे यांच्यासाठी या विषयाची दुसरी बाजू आहे. २००८ मधील सानपाड्याच्या घटनेत दिसले तसे, वायफाय ज्याच्या नावावर असते त्याच्या दारात पोलीस आधी येतात. घरचे वायफाय पासवर्डशिवाय ठेवू नये. राउटरसोबत आलेला मूळ ॲडमिन पासवर्ड बदलावा. नवा राउटर घेताना २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ पद्धत त्यात आहे का हे पाहावे. पाहुण्यांसाठी राउटरमधील 'गेस्ट नेटवर्क' वेगळे सुरू करावे, म्हणजे दुकानाचा बिलिंगचा संगणक आणि सीसीटीव्ही त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात.

फसवणूक झालीच तर

वेळ सर्वांत महत्त्वाची असते. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्याआधी ते रोखता येऊ शकतात. म्हणून पुढील क्रमाने पावले उचलावीत.

- वायफाय बंद करून मोबाइल डेटा सुरू करावा.
- पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेला कळवून खाते किंवा कार्ड गोठवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा.
- पासवर्ड दिला गेला असेल तर आधी ईमेलचा पासवर्ड बदलावा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात. मग 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' हा पर्याय निवडावा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदलावा.
- लॉगिन पान, वायफायचे नाव आणि आलेले संदेश यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. ठिकाण आणि वेळ लिहून ठेवावी.
- ज्या जागी हे घडले तिथल्या व्यवस्थापनाला कळवावे, म्हणजे पुढच्या माणसाचे नुकसान टळते.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसानीची जबाबदारी ग्राहकावर येत नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते, तक्रारीनंतरचे नुकसान मात्र बँकेवर पडते. लाजेपोटी किंवा घाबरून तक्रार उशिरा करणे म्हणूनच महागात पडते. दुसऱ्याचा पासवर्ड चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

थोडक्यात

सार्वजनिक वायफायवर बातम्या वाचणे, व्याख्यान ऐकणे, गाडीची वेळ पाहणे, व्हिडिओ कॉल करणे यांत घाबरण्यासारखे काही नाही. जोडताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: हे वायफाय याच जागेचे आहे, असे इथल्या माणसाने सांगितले आहे का? हे पान मोबाइल क्रमांकापलीकडे काही मागते आहे का? फोनवर आलेला ओटीपी खरोखर याच कामाचा आहे का? पहिल्याचे आणि तिसऱ्याचे उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल तर खुशाल वापरावे. एकाही उत्तराबाबत शंका असेल तर मोबाइल डेटावर यावे.